आजोबांचा चावीचा ग्रामोफोन पुन्हा वाजेल का? पार्ट मिळतात, गाडी अडते ती माहितीपाशी

दिवाळीची साफसफाई निघाली की चोपड्यासारख्या गावात जुन्या माडीच्या घरांचे माळे रिकामे होतात. पितळी भांडी खाली येतात, लाकडी पाट येतात, बंद पडलेला टेबलफॅन येतो. आणि एखाद्या घरात काळ्या कापडाने मढवलेली एक जड पेटीही येते. झाकण उघडलं की आत मखमल लावलेली फिरती थाळी, वाकडी नळी आणि कर्ण्यापुढे बसलेल्या कुत्र्याचं चित्र. चावी घालून फिरवावी तर ती नुसतीच गरगर फिरते. थाळी जागची हलत नाही.

मग फोटो घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जातो आणि सल्ले सुरू होतात. "अँटिक आहे, लाखाच्या खाली देऊ नका." "मोडीत घाला, उगाच जागा अडते." "मुंबईला चोर बाजारात होतं दुरुस्त."

तिन्ही सल्ल्यांत थोडं थोडं तथ्य आहे. पण यातला कुठलाही सल्ला डोळे मिटून ऐकला तर नुकसान तुमचंच आहे.

सरळ उत्तर असं की चावीचा ग्रामोफोन शंभर वर्षांनंतरही दुरुस्त होतो, कारण तो उघडता येईल असाच बनवलेला होता. त्याचे पार्ट मिळतात, नाही मिळाले तर बनवता येतात. अडतं ते माहितीपाशी. कोणता पार्ट, कोणत्या मापाचा आणि कशाला अजिबात हात लावायचा नाही, हे सांगणारं जवळपास कुणी उरलेलं नाही.

हा विषय आत्ताच का?

दोन कारणं आहेत.

पहिलं कारण तारखेचं. १९२५ हे वर्ष रेकॉर्डच्या इतिहासात मोठं मानलं जातं. त्याआधी गायकाला कर्ण्यासमोर तोंड नेऊन जोरात गावं लागायचं. १९२५ मध्ये मायक्रोफोन वापरून विजेवर रेकॉर्डिंग सुरू झालं. त्याच वर्षी 'हिज मास्टर्स व्हॉइस', म्हणजे एचएमव्हीचा '१०१' हा सुटकेससारखा उचलून नेता येणारा ग्रामोफोन बाजारात आला. त्यातले पहिले ग्रामोफोन आता शंभरी पार करत आहेत. भारतात शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तूंसाठी वेगळा कायदा आहे. त्याबद्दल पुढे बोलू.

दुसरं कारण 'राइट टू रिपेअर', म्हणजे विकत घेतलेली वस्तू दुरुस्त करण्याचा हक्क. केंद्र सरकारने २०२२ मध्ये यावर समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस एक पोर्टलही सुरू केलं. मोबाइल आणि ट्रॅक्टर डोळ्यांसमोर ठेवून सुरू झालेली ही चर्चा समजून घ्यायला माळ्यावरच्या पेटीपेक्षा चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही.

आधी ओळख: फोनोग्राफ की ग्रामोफोन?

थॉमस एडिसनने १८७७ मध्ये फोनोग्राफ बनवला. त्यात आवाज नळकांड्यावर कोरलेला असायचा. सुरुवातीला पत्र्याच्या पातळ वर्खावर, नंतर मेणाच्या नळकांड्यावर. एमिल बर्लिनरने १८८७ मध्ये पेटंट घेतलेल्या ग्रामोफोनमध्ये नळकांड्याच्या जागी सपाट चकती आली. हीच आपली तबकडी.

आपल्याकडे घरात सापडतो तो बहुतेक वेळा ग्रामोफोन. मेणाच्या नळकांड्यांचा फोनोग्राफ फारच विरळा. तो सापडला तर नळकांड्यांना बोटं लावू नका, पाण्याने धुवू नका. बुरशी आलेली असली तरी तशीच कोरड्या जागी ठेवा आणि जाणकाराला दाखवा.

नावातला हा फरक माहिती शोधताना कामी येतो. ब्रिटनमध्ये चकतीवाल्या यंत्राला 'ग्रामोफोन' म्हणतात, पण अमेरिकेत त्यालाही सर्रास 'फोनोग्राफ' म्हणतात. तिकडे व्हिक्टर कंपनीच्या यंत्रांसाठी 'व्हिक्ट्रोला' हा शब्द चालतो. म्हणजे इंटरनेटवर एकच शब्द टाकून थांबलात तर अर्धी माहिती हातची जाते. व्हिक्टर आणि ब्रिटनची ग्रामोफोन कंपनी या एकमेकींशी जोडलेल्या कंपन्या होत्या. दोघींच्या यंत्रांवर तोच कुत्रा आहे आणि 'एक्झिबिशन' नावाचा साउंडबॉक्स दोघींनीही वापरला. त्यामुळे एकीची माहिती बऱ्याचदा दुसरीच्या यंत्रालाही लागू पडते.

आपल्याकडे ते टिकले कसे?

१९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग लंडनहून कलकत्त्याला आला आणि नोव्हेंबरमध्ये गौहर जानचं गाणं रेकॉर्ड झालं. तेव्हा तबकड्या छापायला जर्मनीतल्या हॅनोव्हरला पाठवाव्या लागायच्या. १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला आणि तबकड्या इथेच बनू लागल्या. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, हिराबाई बडोदेकर यांचा आवाज नाटक कंपनी जिथे पोहोचत नव्हती तिथेही पोहोचला, तो या तबकड्यांवरून. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची. आज जळगावात दरवर्षी बालगंधर्व संगीत महोत्सव भरतो. ज्यांनी बालगंधर्वांना कधीच पाहिलं नाही अशा लोकांपर्यंत त्यांचं गाणं आलं, त्यात या तीन-तीन मिनिटांचा वाटा मोठा आहे.

पश्चिमेत ७८ च्या तबकड्या १९५० च्या दशकात मागे पडल्या. भारतात मात्र त्या १९६० च्या दशकातही छापल्या जात होत्या. इतक्या की बीटल्सची गाणीही भारतात ७८ च्या तबकड्यांवर निघाली. जगभरचे संग्राहक आज त्या शोधत असतात. खेड्यापाड्यांत वीज नव्हती हे याचं एक साधं कारण. चावीच्या यंत्राला वीज लागत नाही. म्हणूनच ग्रामोफोन खेड्यांत जास्त काळ वापरात राहिला आणि म्हणूनच तो आजही माळ्यांवर सापडतो.

नेमकं बिघडतं काय?

चावी फिरवली की लोखंडी ड्रममध्ये पोलादाची लांब पट्टी घट्ट गुंडाळली जाते. ही मेन स्प्रिंग. ती सुटताना गिअर फिरवते आणि गिअर थाळी फिरवतात. थाळी मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या वर जाऊ नये म्हणून गव्हर्नर असतो. त्यात पातळ पट्ट्यांवर बसवलेली छोटी वजनं असतात. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि ब्रेक लागतो.

आवाजाचं काम साउंडबॉक्स करतो. सुई तबकडीच्या रेघेत थरथरते, ती थरथर अभ्रकाच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या पडद्यापर्यंत जाते आणि नळीतून, कर्ण्यातून मोठी होऊन बाहेर येते. वायर नाही, बॅटरी नाही, सॉफ्टवेअर नाही.

बिघाड होतो तो बहुतेक वेळा चार ठिकाणी.

एक, स्प्रिंग. चावी अडल्याशिवाय फिरत राहत असेल तर स्प्रिंग तुटलेली किंवा टोकाच्या खुंटीवरून सुटलेली असते. 'धप्प' असा आवाज करत थाळी अडखळत असेल तर स्प्रिंग बहुधा शाबूत असते, फक्त आतलं ग्रीस वाळून डिंकासारखं झालेलं असतं.

दोन, गव्हर्नर. पट्टी तुटली किंवा बारीक स्क्रू निघाला की थाळी सैराट सुटते किंवा वेग हलत राहतो.

तीन, साउंडबॉक्समधलं रबर. पडदा दोन्ही बाजूंनी रबरी कड्यांत बसवलेला असतो. हे रबर काही दशकांत दगडासारखं कडक होतं आणि आवाज चिरका, फाटका येतो. लोकांना वाटतं जुन्या ग्रामोफोनचा आवाज असाच असतो. तो तसा नसतो.

चार, जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव भाग. काही यंत्रांची नळी किंवा साउंडबॉक्सची मागची बाजू या धातूची असते. वयानुसार हा धातू आतून फुगतो आणि त्याला तडे जातात. जोर लावला की बिस्किटासारखा तुकडा हातात येतो. हा एक बिघाड असा आहे की त्यावर वेल्डिंग चालत नाही, भागच बदलावा लागतो.

पार्ट कुठून आणायचे?

पहिला रस्ता परदेशाचा. ब्रिटन, युरोप आणि अमेरिकेत मेन स्प्रिंग, रबरी कडी, अभ्रकाचे पडदे आणि सुया नव्याने बनवून विकणारे छोटे व्यावसायिक आहेत. माल चांगला असतो, पण टपालखर्च आणि कस्टम ड्युटी मिळून पार्टच्या किमतीच्या वर जाऊ शकतात. शिवाय चुकीच्या मापाची वस्तू मागवली तर परत पाठवणं परवडत नाही. म्हणून दोन-चार जणांनी मिळून एकत्र मागवणं शहाणपणाचं.

दुसरा रस्ता गावातलाच आहे, आणि तोच लोकांच्या लक्षात येत नाही. ग्रामोफोनच्या प्रत्येक भागाचं काम जाणणारा माणूस चोपडा, अमळनेर, जळगाव या पट्ट्यात आजही आहे. फक्त तो स्वतःला ग्रामोफोनवाला म्हणत नाही. गव्हर्नरचे बारीक स्क्रू आणि पट्ट्या घड्याळजीच्या किंवा सोनाराच्या हाताला जमतात. झिजलेला बुश, पिन, चावीचा दांडा लेथवर निघतो, आणि जळगावच्या एमआयडीसीत लेथला तोटा नाही. शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याला गिअर आणि तेलपाणी कळतं. पेटीचं लाकूड सुतार बघतो. साउंडबॉक्ससाठी सायकलच्या दुकानातली व्हॉल्व्हची रबरी नळी योग्य जाडीची मिळाली तर काम चालून जातं. ही युक्ती परदेशातले शौकीनही वापरतात.

पण एक सावधगिरी हवी. ब्रिटिश यंत्रांत अनेक स्क्रूंचे आटे 'बीए' या जुन्या ब्रिटिश मापाचे असतात. स्वित्झर्लंडच्या सेंत-क्रुआ गावातल्या थोरेन्स, पायार या कंपन्यांच्या मोटरीही त्या काळात खूप चालायच्या. त्यांची मापं वेगळी. बाजारातला 'जवळपास बसणारा' स्क्रू पान्याने दाबून बसवला तर मूळ आटे कायमचे जातात. जुना स्क्रू नमुना म्हणून नेऊन तसाच पाडून घ्या.

तिसरा रस्ता दुसऱ्या ग्रामोफोनमधून पार्ट काढण्याचा. मुंबईतल्या चोर बाजाराची मटन स्ट्रीट आणि पुण्याचा जुना बाजार इथे सुटे साउंडबॉक्स, मोटरी, नळ्या दिसतात. कधीकधी हाच एकमेव उपाय असतो. पण प्रत्येक सुटा साउंडबॉक्स म्हणजे कुठला तरी मोडलेला ग्रामोफोन, हे विसरू नका. जो ग्रामोफोन पूर्ण आहे, फक्त बंद आहे, तो पार्टसाठी फोडू नये, असा जबाबदार संग्राहकांचा नियम आहे.

चौथा रस्ता नवा आहे. तुटलेल्या ओतीव भागाचं माप घेऊन संगणकावर आकृती करायची, थ्रीडी प्रिंटरवर नमुना काढायचा आणि गरज पडली तर त्यावरून पितळेत ओतून घ्यायचं. हे काम इंजिनीअरिंगच्या कुठल्याही हुशार विद्यार्थ्याला जमू शकतं.

थोडा फरक चालत नाही का?

नाही, आणि याचं कारण गणितात आहे.

स्प्रिंगचा जोर तिच्या रुंदीच्या प्रमाणात वाढतो, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. समजा मूळ स्प्रिंग ०.६ मिलिमीटर जाड होती आणि दुकानदाराने "मजबूत आहे, टाकून घ्या" म्हणत तेवढ्याच लांबीची ०.७ मिलिमीटरची दिली. डोळ्यांना फरक दिसणारही नाही. पण जोर सुमारे ५९ टक्क्यांनी वाढतो. शंभर वर्षांचे गिअर आणि गव्हर्नर हा ताण घेऊ शकत नाहीत. आज ग्रामोफोन जोरात वाजतो आणि काही दिवसांनी गिअरचे दात जातात.

म्हणून स्प्रिंग मागवताना चार गोष्टी लिहून द्याव्या लागतात: रुंदी, जाडी, लांबी आणि दोन्ही टोकांचा आकार, म्हणजे भोक आहे की आकडा. जाडी मोजपट्टीने मोजता येत नाही, व्हर्निअर किंवा मायक्रोमीटर लागतो. तो लेथवाल्याकडे असतोच.

स्प्रिंग बाहेरच्या टोकाजवळ तुटली असेल तर तेवढंच टोक तापवून, मऊ करून नवं भोक पाडता येतं. थोडी लांबी कमी होते, पण काम चालतं. मधोमध तुटली असेल तर वेल्डिंग करू नका. तापवल्यावर पोलादाचं पाणी उतरतं आणि ती पुन्हा तुटते.

माहिती कुठे मिळेल?

खरी अडचण इथेच आहे. पार्ट विकणारा माणूस 'कोणता हवा' एवढंच विचारतो. ते ठरवायचं तुम्हाला असतं.

सुरुवात यंत्रापासूनच करा. पेटीच्या आतली धातूची पट्टी, नळीचं बूड, साउंडबॉक्सची पाठ आणि मोटरची खालची बाजू या चार ठिकाणी नाव, मॉडेल किंवा क्रमांक सापडण्याची शक्यता सर्वात जास्त. ती अक्षरं पॉलिश करून घालवू नका. एचएमव्हीचा १०१ हा १९२५ ते १९३१ मधला, त्यानंतर १०२ आला आणि तो १९५० च्या दशकापर्यंत बनत राहिला. नुसतं मॉडेल कळलं तरी मोटर, साउंडबॉक्स आणि वय यांचा अंदाज येतो.

भारतात 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था १९९० पासून मुंबईत काम करते. सुरेश चांदवणकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी ती चालवली, आणि 'द रेकॉर्ड न्यूज' या तिच्या नियतकालिकाचे जुने अंक इंटरनेटवर वाचता येतात. तिचा भर यंत्रापेक्षा रेकॉर्ड आणि कलाकारांवर आहे, पण जाणकार माणसांपर्यंत पोहोचायचा तो खात्रीचा रस्ता आहे. भारतातल्या मेणाच्या नळकांड्यांवर ए. एन. शर्मा आणि अनुकृती शर्मा यांचं 'द वंडर दॅट वॉज द सिलिंडर' हे पुस्तक आहे.

यंत्राच्या दुरुस्तीसाठी मात्र इंग्रजीकडे जावं लागतं. एरिक रीस यांचं 'द कम्प्लीट टॉकिंग मशीन' हे पुस्तक शौकिनांमध्ये हाताशी ठेवायचं पुस्तक मानलं जातं. लंडनमधली 'सिटी ऑफ लंडन फोनोग्राफ अँड ग्रामोफोन सोसायटी' १९१९ पासून सुरू आहे. म्हणजे तिकडे शंभर वर्षं लोक आपापल्या यंत्रांची मापं, बिघाड आणि उपाय लिहून ठेवत आहेत.

आपल्याकडे हे झालं नाही. दुरुस्ती करणारे हात होते, चांगले होते, पण त्यांचं ज्ञान कागदावर उतरलं नाही. उस्ताद गेला की त्याच्याबरोबर 'या मोटरला ही स्प्रिंग' हेही गेलं. मराठीत ग्रामोफोनवर लिहिलं गेलं ते बहुतेक गाण्यांबद्दल आणि आठवणींबद्दल. दुरुस्ती, मापं, तेल-ग्रीस याबद्दल फार थोडं.

नकली कसा ओळखायचा?

ज्यांच्याकडे आजोबांचा नाही ते विकत घ्यायला निघतात, आणि सर्वात मोठी फसवणूक तिथे होते. चकचकीत पितळी कर्णा, अष्टकोनी नक्षीदार लाकडी पेटी आणि समोर कुत्र्याचं पितळी चित्र. रील्समध्ये, हॉटेलांच्या लॉबीत, लग्नाच्या सजावटीत दिसणारे असे ग्रामोफोन बहुतेक वेळा अलीकडे भारतातच बनवलेले असतात आणि परदेशातही जातात. तिकडच्या संग्राहकांनी त्यांना एक चेष्टेचं इंग्रजी नावही ठेवलंय.

शोभेची वस्तू म्हणून घेतली तर त्यात काही गैर नाही. गैर आहे ते 'ब्रिटिशकालीन ओरिजिनल' म्हणून विकणं. त्याहून मोठं नुकसान न दिसणारं आहे. अशा अनेक नव्या पेट्यांत मोटर जुनी असते, आणि ती खऱ्या सुटकेस ग्रामोफोनमधून काढलेली असते. दिसायला साधी काळी पेटी फोडायची, तिची मोटर नक्षीच्या पेटीत घालायची आणि चौपट भाव सांगायचा. एक नकली उभा राहतो तेव्हा एक अस्सल संपलेला असतो. माळ्यावरची काळी पेटी 'कर्णा नाही म्हणजे किंमत नाही' म्हणून मोडीत घालणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. तिच्यात कर्णा असतो, फक्त तो पेटीच्या आत दुमडून बसवलेला असतो.

शंभरी पार झाली की कायदा काय म्हणतो?

'पुरावशेष आणि कलासंपदा कायदा, १९७२' नुसार ऐतिहासिक महत्त्वाची, किमान शंभर वर्षं जुनी वस्तू पुरावशेष ठरू शकते. पुरावशेष खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि त्यांच्या खरेदी-विक्रीचा धंदा करायला परवाना लागतो.

म्हणजे घरचा ग्रामोफोन ठेवणं किंवा दुरुस्त करणं गुन्हा आहे का? नाही. नोंदणीची सक्ती शिल्पं, चित्रं, सचित्र हस्तलिखितं अशा ठरावीक प्रकारांना आहे. कारखान्यात हजारोंनी बनलेलं यंत्र 'ऐतिहासिक महत्त्वाचं' आहे की नाही हा निर्णय भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या तज्ज्ञांचा असतो. पण परदेशातल्या नातेवाईकांना भेट पाठवायचा किंवा बाहेरच्या ग्राहकाला विकायचा विचार असेल तर आधी या विभागाकडून 'पुरावशेष नाही' असा दाखला घ्यावा. विमानतळावर पेटी अडली की समजावून सांगायला उशीर झालेला असतो.

घरी काय करावं, काय करू नये?

• सर्वात आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. खोलताना प्रत्येक पायरीचा फोटो, प्रत्येक स्क्रू वेगळ्या पाकिटात.

• स्प्रिंगचा ड्रम घरी उघडू नका. गुंडाळलेली स्प्रिंग सुटली तर बोटं कापू शकते. आधी तिचा ताण पूर्ण उतरवावा लागतो.

• गंज काढायचा फवारा सगळीकडे मारू नका. त्याने जुनं ग्रीस आणखी चिकट होतं. बेअरिंगला शिलाई मशीनचं तेल आणि स्प्रिंगला ग्रॅफाइट ग्रीस ही जुनी पद्धत आजही योग्य आहे.

• पेटीला नवा रंग किंवा पॉलिश देऊ नका. जुनं लेबल आणि मूळ कापड फाटकं असलं तरी त्यातच वस्तूची ओळख असते.

• थाळीला कागदाची चिठ्ठी चिकटवून फेऱ्या मोजा. ३० सेकंदांत ३९ झाल्या की वेग बरोबर.

• सुई एका बाजूला एकदाच वापरायची. तबकडीत मुद्दामच खरखरीत भुकटी मिसळलेली असते, ती सुईला घासून रेघेच्या आकाराची करते. तीच सुई पुन्हा लावली की तिची धार रेघ कापते.

• एलपी, म्हणजे प्लास्टिकची ३३ ची रेकॉर्ड, चावीच्या ग्रामोफोनवर कधीच लावू नका. आजच्या प्लेअरची सुई दोन-तीन ग्रॅम भार देते, याचा साउंडबॉक्स शंभर ग्रॅमच्या वर. एकाच वेळेत रेकॉर्ड संपते.

आणि तबकड्यांचं काय?

७८ ची तबकडी लाखेची असते. ती स्पिरिटने किंवा सॅनिटायझरने पुसली तर लाख विरघळते. मऊ ब्रश, गरज पडल्यास थोडंसं साधं पाणी, मधलं लेबल कोरडं ठेवून, एवढंच पुरे. तबकड्या आडव्या गठ्ठ्यात न ठेवता उभ्या ठेवा.

घरात एखादी दुर्मिळ तबकडी असेल तर ती हौसेने चावीच्या ग्रामोफोनवर लावू नका. प्रत्येक वेळी ती थोडी झिजते. आधी ७८ चा वेग आणि योग्य सुई असलेल्या विजेच्या प्लेअरवर तिचं डिजिटल रेकॉर्डिंग करून घ्या. ग्रामोफोनवर वाजवायला नेहमीच्या सापडणाऱ्या तबकड्या पुष्कळ आहेत.

ते रेकॉर्डिंग युट्यूबवर टाकता येईल का? भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं असतो. पण गीतकार आणि संगीतकाराचा हक्क त्यांच्या निधनानंतर ६० वर्षं चालतो. दोन्ही तारखा तपासूनच टाका.

हा फक्त शौकिनांचा विषय आहे का?

चोपडा, यावल, रावेर हा केळीचा पट्टा. इथल्या शेतकऱ्याला ग्रामोफोनशी देणंघेणं नसेल, पण ट्रॅक्टर आणि ठिबकच्या कंट्रोलरशी आहे. केंद्राने 'राइट टू रिपेअर'साठी जी चार क्षेत्रं निवडली त्यात शेतीची यंत्रं आहेत. बाकीची तीन म्हणजे मोबाइल-टॅबलेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं. वस्तू दुरुस्तीला किती सोपी आहे हे सांगणारा निर्देशांक मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्ससाठी कसा असावा, याचा अहवालही २०२५ मध्ये सरकारकडे आला. युरोपीय संघाने २०२४ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर थेट निर्देशच काढला.

या सगळ्या चर्चेत कंपन्यांकडे मागण्या तीनच आहेत: वस्तू उघडता यावी, सुटे भाग मिळावेत आणि दुरुस्तीची माहिती खुली असावी. ग्रामोफोनमध्ये पहिली मागणी कारखान्यानेच पूर्ण केली होती. तो साध्या स्क्रू-ड्रायव्हरने उघडतो. दुसरी लेथवाल्याने आणि सोनाराने सांभाळली. तिसरी राहिली, आणि तिथेच सगळं अडलंय. शंभर वर्षं जुनं यंत्र वाचतं आणि पाच वर्षांचा मोबाइल कचऱ्यात जातो, त्यामागे जुन्या पोलादापेक्षा या तीन गोष्टींचा हात जास्त आहे.

तिसरी गोष्ट मात्र आपल्या हातात आहे, त्यासाठी कुठल्या कायद्याची वाट पाहायला नको. ज्याच्या घरी ग्रामोफोन उघडला जाईल त्याने मॉडेल, स्प्रिंगची चार मापं, रबरी कड्यांची जाडी आणि कोणी काय बनवून दिलं हे मराठीत लिहून, फोटोंसह सार्वजनिक करावं. जळगाव-धुळ्याच्या आयटीआय आणि इंजिनीअरिंग कॉलेजांनी एका वर्षीच्या प्रोजेक्टमध्ये दहा यंत्रांची मापं घेतली तरी खान्देशापुरती एक वही तयार होईल.

तोवर माळ्यावरची पेटी मोडीत देऊ नका आणि लाखाची स्वप्नंही बघू नका. ती खाली उतरवा, पुसा, फोटो काढा, आणि गावातल्या घड्याळजीला एकदा दाखवा. घड्याळजीने डोळ्याला भिंग लावून आत पाहिलं की पुढचं बोलणं आपसूक सुरू होईल.